बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, आता पुढे?

प्रश्न: आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. दीड-दोन वर्षांपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. मागच्या महिन्यात सोन्याच्या बांगड्या कामाच्या मावशींनी चोरल्या असा त्यांनी आळ घेतला. मावशी काम सोडून गेल्या, आणि नंतर बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. सासरे म्हणतात, वय झालं की असं होतंच. दीर अमेरिकेत असतात, ते म्हणतात फोनवर तर आई छान बोलते. माझे यजमान चिडतात, त्यांना वाटतं आई मुद्दाम करते. दिवाळीनंतर आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. हा अल्झायमर असेल का? असेल तर पुढे काय होतं, आणि आम्ही काय करायचं?

उत्तर: आधी मावशींचं. बांगड्या सापडल्या हे त्यांना कुणी जाऊन सांगितलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सांगितलं नसेल तर आजच जा. एका घरात चोरीचा आळ आला की त्याच सोसायटीतली बाकीची कामंही जातात, आणि तिच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. आजार तुमच्या घरात आणि शिक्षा तिला, हे मी फार वेळा पाहिलंय. जमलं तर त्यांनाच परत बोलवा. सासूबाईंना ओळखीच्या माणसाची गरज इथून पुढे वाढतच जाणार आहे. आणि नेमकं काय झालंय हे नीट समजावून सांगितलं, तर या बायका पुष्कळदा घरच्यांपेक्षा समजुतीने वागतात.

आता तुमचा प्रश्न. पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तपासणी लांबवू नका, एवढं नक्की सांगते. एखाद्याचं नाव ओठावर येऊन अडकतं आणि दुपारी पोळ्या लाटताना अचानक आठवतं, हे वयाचं. काल भाची जेवायला येऊन गेली, आणि आठवण करून दिल्यावरसुद्धा 'अगं हो की' म्हणून काही उजेड पडत नाही, हे वयाचं नाही. तसंच रोजच्या कामातली साखळी तुटू लागली तर लक्ष द्यावं. वर्षानुवर्षं पुरण शिजवणारी बाई मध्येच थांबते आणि गूळ घातला का नाही हेच तिला कळत नाही. पेन्शनचा हिशेब चोख ठेवणारी शिक्षिका पासबुक उघडून नुसती बघत बसते. अशा खुणा मी शोधते.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साठतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून हे चालू असतं. घाव आधी बसतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागावर. आज घडलेलं नोंदवून ठेवायचं काम या भागाचं. बँकेतलं पासबुक छापायचं मशीन बिघडावं तसं होतं: जुन्या नोंदी शाबूत, पण नवा व्यवहार उमटतच नाही. म्हणून सासूबाईंना १९७५ सालची वर्गातली मुलं नावानिशी आठवतील, आणि सकाळी चहा घेतला का ते आठवणार नाही. घरच्यांना याच विसंगतीचा राग येतो. 'पन्नास वर्षांपूर्वीचं बरं आठवतं, मग आत्ताचंच कसं विसरते?' यजमानांचा 'मुद्दाम' इथूनच आलेला असणार.

बांगड्यांचं तेच. कुठेतरी जपून ठेवाव्यात असं त्यांना वाटलं, त्यांनी ठेवल्या, आणि ठेवल्याची नोंद झाली नाही. कपाट उघडलं तर बांगड्या नाहीत. आपण ठेवल्याचं आठवत नाही म्हणजे कुणीतरी नेल्या. त्यांच्याकडे जेवढी माहिती उरली आहे तेवढ्यावरून काढलेला हा अगदी सरळ निष्कर्ष आहे. तो येतो तो घरात सगळ्यात जास्त वावरणाऱ्या माणसावर, म्हणजे मावशींवर, उद्या तुमच्यावर. त्या दिवसाची तयारी ठेवा.

ज्या डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या अलॉइस अल्झायमर यांची १९०१ सालची फ्रँकफर्टमधली पहिली रुग्ण ऑगुस्ट डेटर ५१ वर्षांची होती. तिच्या घरच्यांना आधी जाणवली ती विस्मृती नव्हे, नवऱ्यावरचा संशय जाणवला. पुढे ती स्वतःच्याच घरात गोंधळू लागली, वस्तू इकडून तिकडे न्यायची आणि लपवून ठेवायची. १९०६ मध्ये ती गेल्यावर अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा ते थर आणि गुंते दिसले, आणि त्याच वर्षी ट्युबिंगनला डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ते मांडले. म्हणजे तुमच्या घरात आज चाललंय ते या आजाराच्या पहिल्याच नोंदीत आहे. हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या.

मग वागायचं कसं? पुरावे देणं बंद करा. 'आई, मी दहा वेळा सांगितलं', 'बघा, तुम्हीच ठेवल्या होत्या डब्यात' ही वाक्यं घरातून हद्दपार करा. तुम्ही वाद जिंकाल आणि पाच मिनिटांनी त्या वाद विसरतील, पण झालेला अपमान राहील. हे मी हवेत बोलत नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची आणि आनंदाची चित्रफीत दाखवली होती. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चित्रफितीत काय होतं ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण ती भावना त्यांच्यात बराच वेळ टिकून होती. ओरडलेलं विसरतील आणि दुपारभर कारण न कळता घाबरलेल्या राहतील, असा त्याचा घरगुती अर्थ.

बांगडी हरवली म्हणाल्या तर 'अरे बापरे, चला, दोघी मिळून शोधू' म्हणा. शोधता शोधता ती कुठल्या सणाला केली, कुठल्या सराफाकडे केली, ते विचारा. बहुतेक वेळा बांगडी बाजूला राहते आणि लक्ष्मी रोडवरच्या खरेदीच्या आठवणी सुरू होतात. दागिने मात्र आता बँकेच्या लॉकरमध्ये हलवा, आणि हाताला चाळा म्हणून खोट्या बांगड्या कपाटात ठेवा. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही.

सासरे. यांच्याशी सांभाळून बोला. क्लिनिकमध्ये एक गोष्ट मी दारातूनच बघते: प्रश्न बायकोला विचारला की ती मान वळवून नवऱ्याकडे पाहते, आणि उत्तर तो देतो. 'आत्ता कुठला सण झाला, आजी?' 'अहो, आता आमचे कसले सण!' असं हसून, टाळून, पुढच्या विषयावर. शिक्षकी पेशातल्या बायका यात तरबेज असतात. वर्गासमोर उभं राहायची सवय, भाषेवर पकड, त्यामुळे खूप दिवस झाकलं जातं. आणि नवरा झाकतो ते प्रेमाने आणि भीतीने. 'वय झालं' म्हणणाऱ्या सासऱ्यांना तुमच्या आधीपासून सगळं माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. बिलं कोण भरतं, भाजीवाल्याला पैसे कोण मोजून देतं, गॅस बंद झाला का हे रात्री कोण बघतं, याच्याकडे जरा लक्ष द्या. दोन वर्षांत ती कामं गुपचूप त्यांच्याकडे आलेली दिसतील.

दीर खोटं बोलत नाहीत. रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का, थंडी किती आहे, नातू काय म्हणतो' हे ठरलेलं बोलणं या आजारात फार उशिरापर्यंत टिकतं. त्यांना फोनवर पटवायच्या भानगडीत पडू नका. दोन आठवडे रजा काढून या म्हणावं, आणि ते आले की तुम्ही दोघं चार दिवस महाबळेश्वरला जा. परत आल्यावर पटवायची गरज उरत नाही.

तपासणीचं थोडक्यात सांगते. एका चाचणीने 'अल्झायमर आहे' असा शिक्का बसत नाही. तुमची हकीकत, सासूबाईंशी बोलणं, स्मरणशक्तीच्या लेखी-तोंडी चाचण्या (त्यात घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात, साधी दिसते पण पुष्कळ सांगून जाते), रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय, एवढ्यावर बहुतेक निदान होतं. यातलं रक्त महत्त्वाचं, कारण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. थायरॉइड कमी असणं. बी-ट्वेल्व्ह कमी असणं, जे आपल्या शाकाहारी घरांत काही नवल नाही, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं रोज सकाळी पित्ताची गोळी घेणाऱ्यांत आणखी वाढतं. नैराश्य. पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साठलेलं रक्त. रोज रात्री घेतलेली झोपेची गोळी, किंवा खाज-सर्दीची गुंगी आणणारी गोळी. ऐकू कमी येणं तर निम्म्या घरांत 'विसरते' म्हणून खपतं: जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? कानाची तपासणी करून घ्याच.

औषधांबद्दल सरळ सांगते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि पुढच्या टप्प्यात मेमँटीन ही औषधं आजार थांबवत नाहीत. काही रुग्णांना काही काळ थोडी तरतरी, थोडं लक्ष येतं. डोनेपेझिल सुरू करण्याआधी ईसीजी काढावा, कारण नाडी मंदावू शकते. भूक मेली, जुलाब झाले, भयानक स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना कळवा, स्वप्नांसाठी कधी कधी गोळी रात्रीची सकाळी केली तरी भागतं. अमेरिकेतून दीर ज्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या पाठवतील ती लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब. अमेरिकेत त्यांना २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ती अमायलॉइड खरोखर काढतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली स्मृती परत आली नाही. मेंदूत सूज आणि रक्तस्राव हे त्यांचे धोके आहेत, वारंवार एमआरआय लागतात, आणि आजार अगदी सुरुवातीचा असेल तरच उपयोग. घर विकून करावा असा हा इलाज माझ्या मते आज नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, खोबरेल तेल यावर मी भांडत नाही, पण त्यासाठी बीपीची आणि साखरेची गोळी बंद केली तर भांडते.

चिडचिड, संशय, रात्रीची जाग यासाठी 'शांत करायची गोळी' लोक लवकर मागतात. या वयात, या आजारात त्या गटातल्या (अँटिसायकोटिक) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. कधी कधी पर्याय नसतो, तेव्हा मीही देते, अगदी कमी मात्रेत, थोडे दिवस. आधी मात्र बद्धकोष्ठ, दुखणं, भूक, संध्याकाळचा अंधार ही कारणं तपासायची. या रुग्णांना दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थता येते. घरातले दिवे अंधार पडायच्या आधी लावा आणि त्या वेळेला हाताला काही काम द्या, मटार सोलणं, वाती वळणं. गणपतीत रस्त्यावर ढोल-ताशा असेल तर ते दहा दिवस मागच्या खोलीत झोपवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत एकदम बिघडल्या, भलतंच दिसू लागलं, किंवा नुसत्या झोपून राहिल्या, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन औषध, यातलं काहीतरी असतं. अल्झायमर अशा उड्या मारत वाढत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता रिडेव्हलपमेंट. तुम्ही ते शेवटी सहज लिहिलंय, पण मला तेच सगळ्यात काळजीचं वाटतं. घर बदलणं या रुग्णांना फार जड जातं. आत्ता त्या रात्री न धडपडता बाथरूमला जातात ते आठवणीने नव्हे, पायांच्या सवयीने. ती सवय एका दिवसात जाणार. म्हणून बिल्डरच्या भाड्यातून चार पैसे वाचवायला लांब वाघोलीला जाऊ नका. कोथरूडमध्येच, जमलं तर त्याच रस्त्यावर घ्या, म्हणजे देऊळ, भाजीवाला, औषधाचं दुकान तेच राहील. अकरा महिन्यांच्या करारावर दर वर्षी घर बदलावं लागेल असं करू नका, मालकाशी दोन-तीन वर्षांचा करार करा. इमारत वेळेत होईल हे तर कुणीच धरून चालत नाही. सामान हलवायच्या दिवशी त्यांना नातेवाइकांकडे ठेवा. आधी त्यांची खोली लावा: पलंग आत्ता ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, तेच कपाट, तोच देव्हारा, तीच जुनी चादर. मग त्यांना आणा. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा, आणि गॅसची मुख्य तोटी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी. शिफ्टिंगची चर्चा त्यांच्यासमोर महिनाभर करत बसू नका. दर वेळी त्यांना ती बातमी नवी असते.

नव्या घरात त्या 'मला घरी जायचंय' म्हणतील. 'हेच घर आहे' या उत्तराने काही होत नाही. घरी कोण कोण आहे ते विचारा, गच्चीत एक चक्कर मारून आणा. काही जण खरंच निघतात. माहेरचा नारायण पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत झाली तरी बसमध्ये बसून तिकडे गेलेल्या आजी मला माहीत आहेत. तेव्हा पर्समध्ये आणि परकराच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडला कल्पना, फोनमध्ये ताजा फोटो. हरवल्या तर तासभर स्वतःच शोधत न बसता ११२ लावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

रिडेव्हलपमेंटची दुसरी बाजू सहीची. फ्लॅट सासूबाईंच्या किंवा दोघांच्या नावावर असेल तर पर्यायी जागेच्या करारावर त्यांची सही आणि दुय्यम निबंधकांसमोर हजेरी लागेल. समोरची व्यक्ती समजून कबुली देत नाहीये असं वाटलं तर निबंधक नोंदणी नाकारू शकतात. 'कुलमुखत्यारपत्र करून ठेवू' यावर विसंबू नका: देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. मग उच्च न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागतं, त्यात वेळही जातो आणि पैसाही. म्हणून मृत्युपत्र, बँकेची संयुक्त खाती, नॉमिनेशन, आणि पुढे नळ्या-व्हेंटिलेटर हवेत का याबद्दलची त्यांची इच्छा, हे सगळं समज आहे तोवर, वकील आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन, येत्या दोन-तीन महिन्यांत उरका. सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण बहुतेकदा या गोष्टी समजून ठरवू शकतो. त्यांच्या पाठीमागे करू नका, त्यांना बसवून करा.

पुढे काय काय होतं, तर गती प्रत्येकाची वेगळी. निदानानंतर सरासरी चार ते आठ वर्षं, काही जण वीसपर्यंतही जातात. मधल्या टप्प्यात अंघोळ, कपडे, लघवीचं भान यात मदत लागते, माणसं ओळखण्यात गल्लत होते. शेवटी चालणं, बोलणं, गिळणं थांबत जातं, आणि पुष्कळदा फुप्फुसातल्या संसर्गाने शेवट होतो. त्या टप्प्यावर नाकातून नळी घातल्याने आयुष्य वाढतं असं दिसत नाही. हे आत्ता वाचून ठेवा आणि बाजूला ठेवा. आज त्यांना लहानपणीच्या कविता तोंडपाठ असतील, तर रोज म्हणून घ्या. गाणी, पाठांतर आणि हातांची कामं उशिरापर्यंत साथ देतात.

यजमानांच्या मनात आणखी एक भीती असणार, मलाही होईल का. थेट एका जनुकामुळे पिढ्यानपिढ्या येणारा अल्झायमर एक टक्क्याहूनही कमी, आणि तो बहुतेक तरुण वयात सुरू होतो. आईला ७०च्या पुढे झाला तर मुलाची जोखीम थोडी वाढते, ठरलेलं काही नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बहिरेपणा, धूम्रपान, एकटेपणा अशी चौदा कारणं धरून सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक) टाळता किंवा लांबवता येईल असं म्हटलंय. आईवर चिडण्यात जाणारी ताकद त्यांनी सकाळी तळजाई टेकडीवर चालायला वापरावी.

आणि तुम्ही. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. सुनेने करायचंच, असं गृहीत धरून हा आजार वर्षानुवर्षं चालतो, आणि मग तीच सून झोप लागत नाही म्हणून माझ्यासमोर बसते. कामाची वाटणी आत्ताच करा: डॉक्टर आणि कागदपत्रं यजमानांकडे, पैशातला ठरलेला वाटा दीरांकडून दर महिन्याला, आठवड्यातला एक पूर्ण दिवस तुमचा. मावशींना जास्तीचे पैसे देऊन दुपारभर थांबवता आलं तर ब्युरोची अनोळखी बाई आणण्यापेक्षा बरं.

तपासणीला येताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत भरून आणा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून सहज आणलेलीही. दोन आठवडे एका वहीत रोज दोन ओळी लिहा: काय विसरल्या, किती वाजता, त्याआधी काय झालं होतं. सासूबाईंना 'डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय' म्हणू नका, 'साठीनंतरची तपासणी, तुमची आणि बाबांची दोघांची' म्हणा, आणि खरंच दोघांची करा. अपॉइंटमेंट घेताना सासऱ्यांसाठी पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्या. तुमच्यासमोर आणि मुलासमोर ते बोलणार नाहीत.